चांदी झाली की पाणी

निरोपाच्या दिवशी मालकांच्या सूनबाईंनी
हातात ठेवलं ते झाड.
एका काडीवर ओळीनं बसलेली पांढरी पाखरं,
कुंडीला जरीची फीत, फितीला स्टेपलरची पिन.
नाव सांगितलं, ते जिभेला वळेना.
आम्ही पाखरूच म्हणतो.

चौतीस वर्षं उद्यमनगरात, भट्टीवर.
लोखंड किती तापलंय ते रंगावर सांगायचो,
मीटर मागून यायचं, माझंच खरं करायला.
म्हटलं, झाडाला काय लागतंय?
सकाळी तांब्या, संध्याकाळी तांब्या.
एप्रिल संपेतो पानं चिंधीसारखी लोंबली.
बुडाशी पाणी, आणि झाड तहानेनं मेलेलं.
मूळ चिमटीत धरलं तर साल सरकून हातात आली,
आत नुसता दोरा.

आक्काताई म्हणाली, "दुसरं आणा.
पर ह्या बारीला पाणी मी सांगीन तवा."

दुसरं आणलं शाहूपुरीतून, बिनफुलाचं,
म्हणून निम्म्या किमतीत.
माती नाहीच. नारळाच्या सोडणाचे तुकडे
आणि कोळसा, तो मी फोडला,
तेवढं तरी मला येत होतं.
पेढ्यांची प्लास्टिकची बरणी,
तिला तापल्या सळईनं भोकं.
खाली परातीत नदीकाठचे गोटे,
पाणी गोट्यांच्या आत, बरणीला न शिवणारं.
पूर्वेची खिडकी, नऊनंतर जुन्या धोतराचा पडदा.
पान तांबूस दिसलं तर ऊन फार,
काळपट हिरवं झालं तर उजेड कमी.

भिजलं की मूळ हिरवं, सुकलं की चांदीचं,
तेव्हाच पाणी, त्याआधी नाही.
सोपं आहे, ज्याला दिसतं त्याला.
माझ्या डोळ्यांवर भट्टीनं साय धरलेली,
मला बारा महिने सगळं चांदीचंच.
आक्काताई हुपरीची.
फ्रॉकातली होती तेव्हापासून
पैंजणांना घुंगरू जोडत आलेली.
कणकेच्या हातानं वाकायची बरणीशी.
"गिलट हाय अजून. ठेवा तांब्या."
चौथ्या दिवशी, कधी सहाव्या:
"झाली चांदी. घाला.
आणि पानांच्या बेचक्यात नको, कुजतंय तितं."

मे महिन्यात दुपारी लाइट गेली
की ती सूप घेऊन बसायची,
वारा पाखराला.
म्हटलं, जरा इकडंबी.
म्हणाली, "तुम्ही भट्टीवरचं. तुम्हाला काय हुतंय?"

दोन वर्षं नुसती पानं.
शेजारचा दत्ताजी सुतार दारातून विचारायचा,
"काय, कोबी आला का?"
मग रोपवाल्यानं सांगितलं, याला रात्रीचा गारवा लागतो,
उकाड्यात जगेल, पण फुलणार नाही.
म्हणून पौषात रात्रभर खिडकी उघडी.
गुऱ्हाळाचा वास आत, आम्ही दोघं एका घोंगड्यात,
नाकं गार पडलेली, कुणासाठी तर पेढ्यांच्या बरणीसाठी.
तीन आठवडे. तिला खोकला झाला.
खिडकी लावू म्हटलं तर नको म्हणाली.

एका सकाळी पानाखालून काहीतरी टोक.
ती म्हणाली, मूळ असंल.
मी बोट लावलं.
मुळाचं टोक गोल असतं, बंदुकीच्या गोळीगत.
हे चपटं होतं, बाजूला खाच.
साच्यातल्या वाळूत केसाएवढी चीर
ह्याच बोटानं शोधली आहे मी.
"दांडा हाय," म्हणालो.
ती काही बोलली नाही.
दत्ताजीला मात्र हाक मारली, मोठ्यानं.

कळ्या फुटायला चैत्र उजाडला,
आणि डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख
नेमकी त्याच आठवड्यात.
हिरवी पट्टी बांधून घरी आलो
तेव्हा ती एकेक सांगत होती:
पाच उघडली. सहावं अर्धं. सातवं मुकंच हाय.

पट्टी सुटली.
आधी फुलांकडं बघायला हवं होतं.
माझी नजर खाली गेली, बरणीत.
मुळं मला लख्ख दिसली, एक अन् एक.
तांब्या हातात होता.
तरीही आत ओरडून विचारलं,
"झाली काय गं चांदी?"